जुलैमध्ये भाड्याच्या बाईकवर आल्प्सच्या खिंडी करायच्या आहेत. आठवडाभरात किती होतील?

खिंडी मोजत बसू नका, मुक्काम ठरवा. स्वित्झर्लंडमधल्या आंडरमाटला तीन रात्री राहिलात तर फुर्का (२४२९ मी.), ग्रिम्सेल आणि सुस्टेन या तिन्ही खिंडी सुमारे १२० किलोमीटरच्या एकाच फेरीत होतात, तेही सामान हॉटेलवर ठेवून. तिथून पुढे इटलीतला स्टेल्व्हिओ (२७५७ मी.). तो प्राटो गावाच्या बाजूने चढा, त्या अंगाला ४८ हेअरपिन (जवळजवळ उलटी फिरणारी वळणं) आहेत. शक्यतो मंगळवार-बुधवार गाठा आणि सकाळी लवकर निघा. रविवारी दुपारी वर जायचं म्हणजे गाड्यांच्या मागे क्लच दाबून मनगट दुखवून घ्यायचं.

आपल्याकडे घाटात डावं वळण आतलं असतं, तिथे गाड्या उजवीकडून चालतात म्हणून उजवं. चढावरच्या उजव्या हेअरपिनला बाईक संथ होऊन आडवी पडते ती इथेच, त्यामुळे पहिला गिअर आधीच टाका आणि नजर वळणाच्या पुढे ठेवा. स्विस घाटात पिवळी पोस्टबस तीन सुरांचा हॉर्न वाजवत येते. तिला निमूट जागा द्या.

बहुतेक उंच खिंडी जूनमध्ये उघडतात, पण बर्फ जुलैतही पडू शकतो. थर्मल आणि रेनकोट हवेतच. स्विस हायवेसाठी ४० फ्रँकचं विनेट (टोलचं स्टिकर) बाईकलाही लागतं. ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनर या घाटरस्त्याला टोल आहे, तोही चांगलाच, तरी माझ्या मते वसूल होतो.

शेंगेन व्हिसा आणि इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटचं काम आत्ताच हातात घ्या. बाईक बुक करताना इन्शुरन्समधली डिडक्टिबलची रक्कम (नुकसान झाल्यास आपल्या खिशातून भरायचा वाटा) आधी विचारा.