ताटावरून माणसाचं राजकारण कळतं का?

तुमचा प्रश्न असा आहे : युरोप-अमेरिकेत व्हीगन (मांसच काय, दूधही न घेणारा) म्हटला की तो डाव्या विचारांचा असणार असं लोक धरून चालतात, आणि आपल्याकडे कट्टर शाकाहारी म्हटला की नेमकं उलट वाटतं. असं का? ताटावरून माणसाचं राजकारण कळतं का?

नुसत्या ताटावरून नाही कळत. त्यानं काय सोडलं यापेक्षा कशासाठी सोडलं ते कळलं, तर थोडाफार अंदाज येतो.

आमचं घर साताऱ्याकडचं, शेतकरी. आजोबा माळकरी. माळ घातल्यापासून त्यांनी मटणाला हात लावला नाही, पण बाकीच्या घरानं सोडलं नव्हतं. यात्रेला आजी घरामागं तीन दगडांची चूल मांडायची, त्या भांड्यांना आतली वाट नाही. आजोबा ओसरीवर पिठलं-भाकरी खात आम्हाला विचारायचे, "रस्सा जमलाय का रं?" पुढे पुण्यात खोली शोधताना एका घरमालकानं आधी आडनाव विचारलं, मग "नॉनव्हेज चालणार नाही" म्हणाला. मी खात नाही असं सांगूनही खोली मिळाली नाही. आजोबा आणि हा मालक, दोघंही शाकाहारीच!

तुम्हाला दिसलेला फरक संशोधकांनाही दिसला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाश्चात्त्य शाकाहाऱ्यांच्या बोलण्यात प्राण्यांचे हाल आणि पर्यावरण पुढे होतं, तर भारतीय शाकाहाऱ्यांच्या बाबतीत विटाळ, पावित्र्य आणि वडीलधाऱ्यांचा मान. तिकडे घरादाराची चाल मोडून मांस सोडावं लागतं, इकडे बऱ्याच जणांना ती चाल राखायची असते. ब्रिटनमध्ये १९४४ साली व्हीगन सोसायटी काढणारे डोनाल्ड वॉटसन यांनी महायुद्धात लढायलाही नकार दिला होता. म्हणजे तिकडे तो बंडखोरांचा आहार. इकडे डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात मांडलं, की ब्राह्मणांचा शाकाहार हाच मुळात बौद्ध धर्मावर कुरघोडी करण्याचा डाव होता.

पण सगळ्यात बोलकं उदाहरण गांधींचं. राजकोटला शाळकरी वयात त्यांनी चोरून मांस खाल्लं, तेही देशभक्तीपोटी : इंग्रज मांस खातो म्हणून राज्य करतो, आपणही खाऊन त्याला हाकलू, असं मित्रानं पटवलं होतं. १८८८ साली लंडनला गेले तेव्हा मांस टाळत होते ते फक्त आईला दिलेल्या शब्दामुळे. तिथे हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक वाचलं आणि मग ते स्वतःच्या मनानं शाकाहारी झाले. तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतही गेले. त्या मंडळात डॉ. अ‍ॅलिन्सन हे संततिनियमनाचे पुरस्कर्ते. अध्यक्ष हिल्स कडक नीतिवादी, मंडळ चालायचं त्यांच्याच पैशावर. असला माणूस मंडळात नको, असं त्यांचं म्हणणं. गांधींना स्वतःला संततिनियमन पटत नव्हतं, तरी ते अ‍ॅलिन्सनच्या बाजूनं उभे राहिले : मंडळाचं काम शाकाहाराचा प्रसार, बाकीच्या नीतीची परीक्षा घेणं नव्हे. भाषण लिहून नेलं, वाचायचा धीर होईना, ते दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं. अ‍ॅलिन्सन हरले. तुमच्या प्रश्नावर एका बैठकीत जवळजवळ मतदानच झालं होतं म्हणा ना!

(हिटलरही शाकाहारी होता असं कुणीतरी म्हणेलच, म्हणून त्याबद्दल एवढंच की त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.)

आपल्याकडेही पक्ष आणि पान जुळत नाही. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात ३९ टक्के प्रौढ भारतीयांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं. एवढी माणसं एका पक्षाची कशी असतील? २०१५ मध्ये भाजपच्या राज्यात महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा त्याच पक्षाचं सरकार असलेल्या गोव्यात बीफ विकलं जात होतं. त्याच वर्षी जैनांच्या पर्युषणातल्या मांसविक्रीबंदीविरुद्ध मुंबईत शिवसेना आणि मनसे रस्त्यावर उतरले. आणि गोव्यातला सारस्वत ब्राह्मण सोमवार सरला की माशाच्या हुमणाची वाट बघतो, त्याला कुठल्या रकान्यात घालणार?

माझं म्हणाल तर मी आता दूधही सोडलंय. म्हशीला रेडकू झालं की त्याला दूध तोडून कसं मरू देतात ते लहानपणी गोठ्यात बघितलंय, मला तेवढं पुरलं. तरीही बैलांच्या त्या कायद्याला माझा विरोध आहे. चुलत्यांचा एक बैल कामातून गेलाय, बाजारात त्याला कुणी घेत नाही. माझा चुलतभाऊ मटणाशिवाय जेवत नाही आणि कायद्याच्या बाजूनं तावातावानं बोलतो. मी ठेचा-भाकरी खात त्याच्याशी वाद घालतो. चुलते दोघांचं ऐकून घेतात आणि बैलाला वैरण टाकायला उठतात.