कॉइल कुठे तुटते आणि का : वाचकांचे प्रश्न

शेगडीची कॉइल तुटली की मी दोन्ही टोकांना पीळ देऊन जोडतो. आठवड्याभरात ती त्याच जागी पुन्हा तुटते. हल्ली तारच हलकी येते का? (इचलकरंजी)

तार हलकी असेलही, पण आधी सांधा बघा. कॉइलची तार नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची असते. नायक्रोम तापलं की त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो. हा थर आतल्या धातूला हवा लागू देत नाही, म्हणून ही तार लालभडक होऊनही वर्षानुवर्षं टिकते. पण हाच थर विजेलाही अडवतो. काळ्या पडलेल्या तारेची दोन टोकं नुसती पिळली, तर ती एकमेकांना दोन-चार ठिपक्यांपुरतीच टेकतात. 1000 वॉटच्या शेगडीत सव्वाचार अँपियरच्या वर करंट असतो. तो सगळा त्या ठिपक्यांतून जाऊ लागला की तेवढी जागा बाकीच्या कॉइलपेक्षा कितीतरी जास्त तापते, बारीक ठिणग्या पडतात आणि तार तिथेच वितळते.

वेळ मारून न्यायची असेल तर टोकं पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, एकमेकांत अडकवा आणि पक्कडीने घट्ट दाबा. सोल्डरच्या नादी लागू नका. नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर 183 अंशांनाच मऊ पडायला लागतं, आणि लाल कॉइल त्याच्या कितीतरी पुढे असते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. दर वेळी जळका तुकडा काढून टाकल्यामुळे तुमची कॉइल आखूड होत चालली आहे. तार दहा टक्के कमी झाली की रेझिस्टन्स तेवढाच उतरतो आणि वॉट अकरा टक्क्यांनी वाढतात. शिवाय ही वाढलेली उष्णता बाहेर टाकायला तारेचा पृष्ठभाग दहा टक्के कमी उरतो. दोन्ही मिळून तारेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार सुमारे 23 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे प्रत्येक जोडणी पुढच्या तुटण्याची तयारी करून ठेवते. एकदा जोडलीत तर चालेल, दुसऱ्यांदा नवीन कॉइल घाला.

आणि पिन बाहेर काढल्याशिवाय शेगडीला हात लावू नका. प्लग दोन पिनांचा असून उलटा बसला असेल, किंवा स्विच न्यूट्रलवर घेतलेला असेल, तर बटण बंद आणि कॉइल थंड असूनही तिच्यात फेज असते. थंड शेगडी पुसताना बसणारे शॉक याच कारणाने बसतात. दोन पिनांचा प्लग बदलून तीन पिनांचा लावा आणि शेगडीच्या पत्र्याला अर्थिंग द्या.

1000 वॉटची कॉइल स्वतः गुंडाळायची आहे. किती तार आणि कोणत्या गेजची घेऊ? (संगमनेर)

230 व्होल्टवर 1000 वॉट म्हणजे साधारण 53 ओहम. नायक्रोमचा रेझिस्टन्स तापल्यावर फार बदलत नाही, त्यामुळे थंड तारेवर मल्टिमीटरने मोजलेला आकडा हिशेबाला पुरतो. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. 26 गेजची 80-20 (80 टक्के निकेल, 20 टक्के क्रोमियम) नायक्रोम तार मीटरला साधारण 6.6 ओहम भरते, म्हणजे आठ मीटर लागेल. 24 गेज मीटरला साडेचार ओहमच्या आतबाहेर, म्हणजे बारा मीटर.

लोक 26 घेतात, कारण तार कमी लागते आणि पैसे वाचतात. मी 24 घ्यायला सांगेन. ओहम दोन्हींचे सारखेच, पण जाड आणि लांब तारेचा पृष्ठभाग जवळजवळ पावणेदोनपट असतो. तेवढेच वॉट ती कमी तापमानावर बाहेर टाकते आणि जास्त टिकते. कॉइलचं आयुष्य ओहमपेक्षा या पृष्ठभागावर ठरतं, आणि दुकानात तार घेताना हे कोणी विचारत नाही.

पाच मिलिमीटरच्या गुळगुळीत सळईवर वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा. बारा मीटरची कॉइल साधारण 38 सेंटिमीटर भरेल. मग चिनी मातीच्या प्लेटच्या खाचेत सुतळी फिरवून खाचेची लांबी मोजा. ती कॉइलच्या दुप्पट-तिप्पट असली पाहिजे. त्याहून कमी भरली तर सळई जाड घ्या. कॉइल दोन्ही टोकांनी धरून एकाच संथ ओढीत ताणा. कुठे वेढे दाटीने राहिले तर ते एकमेकांनाच तापवतात, आणि पहिल्यांदा पेटवल्यावर तेवढाच भाग जास्त पिवळट दिसतो. तसं दिसलं की पिन काढून, कॉइल गार होऊ देऊन तेवढी जागा मोकळी करा.

टर्मिनलपाशी शेवटची चार-पाच इंच तार दुमडून दुहेरी पिळा. करंट दोन तारांत वाटला गेला की तिथल्या प्रत्येक तारेत चौथा हिस्साच उष्णता निर्माण होते. स्क्रू थंड राहतो, सैल पडत नाही.

गीझरचं एलिमेंट असंच घरी भरता येईल का? (परभणी)

नाही. त्याच्या नळीत कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. ते काम कारखान्याचं. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर एलिमेंटवर बसलेले क्षार वेळच्या वेळी काढत चला, ते आतली उष्णता कोंडून धरतात.

चिवड्याच्या पिशव्या सील करायच्या मशीनची पट्टी सारखी एका टोकाला जळते. (जळगाव)

ताई, पट्टी बदलण्याआधी टोकाची स्प्रिंग तपासा. पट्टी तापली की लांबते, आणि तो वाढलेला मिलिमीटर-दीड मिलिमीटर स्प्रिंगने ओढून घ्यायचा असतो. तेल-मसाल्याच्या भुकटीने स्प्रिंग अडकली तर पट्टी फुगून वर उठते, तिथली उष्णता खालच्या पट्टीत उतरत नाही आणि ती तिथेच जळते. मशीनची पिन काढा, स्प्रिंग ब्रशने साफ करा, बोटाने दाबून ती मोकळी हलते का पाहा. टेफ्लॉनचं कापड तपकिरी पडलं असेल तर तेही बदला. त्याची मजल सतत वापरात 260 अंशांपर्यंतच. सील कच्चं आलं म्हणून टायमर वाढवत जाऊ नका, झाकण सोडण्याआधी दोन सेकंद जास्त दाबून धरा. प्लॅस्टिक गार होताना घट्ट बसतं.

ई-सिगारेटची कॉइल घरी बांधण्याबद्दल लिहा. (पुणे)

हे मी लिहिणार नाही. भारतात 2019च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, आयात, साठवण आणि जाहिरात बंद आहे. शिवाय त्या कॉइलच्या धातूचा अंश वाफेत उतरतो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. ती वाफ थेट फुप्फुसात जाते. नायक्रोममध्ये निकेल आणि क्रोमियम आहे. शेगडीत ही तार ठीक आहे, श्वासाच्या वाटेवर नको.

विमानाच्या मॉडेलचे पंख कापायला तापत्या तारेचं कटर केलं. तार लाल होते आणि फोम वितळून खड्डे पडतात. (नाशिक)

फोम कापताना तार लाल दिसताच कामा नये. दोनशे अंशांच्या आसपास पुरे. 26 गेजच्या तारेला त्यासाठी दीड ते दोन अँपियर लागतात. अर्धा मीटर तारेचे 3.3 ओहम धरले तर सहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बरोबर बसतो. तुम्ही बारा लावला असणार. दोन अँपियरपेक्षा मोठाच घ्या, म्हणजे तो स्वतः तापणार नाही. पंख्याचा डिमर मधे घालून उघडी तार थेट घरच्या लाइनवर चालवायचा उद्योग कोणी सुचवला तर ऐकू नका. डिमरने व्होल्टेज कमी होतं, पण तारेचं लाइनशी असलेलं नातं तुटत नाही, आणि ती तार तुमच्या हाताजवळ असते.

एका टोकाला स्प्रिंग लावा, नाहीतर तापल्यावर तार ढिली पडून पंखाचा काप पोटात वाकडा येईल. खिडकी उघडी ठेवा. आणि फ्लेक्सचे, पीव्हीसीचे तुकडे या तारेवर कधीही कापू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो.