दाखल्यावर ‘ट्रान्सजेंडर’ लिहिलं तर वडिलांच्या जमिनीतला हिस्सा जातो का?

प्रश्न: वय 27, पुण्यात नोकरी. जन्मदाखल्यावर ‘स्त्री’ अशी नोंद आहे. मी नॉनबायनरी आहे, म्हणजे बाई नाही आणि पुरुषही नाही. हे घरी सांगून दोन वर्षं झाली. वडील 2023 मध्ये वारले, मृत्युपत्र नाही. सातारा जिल्ह्यात साडेतीन एकर जमीन आहे, आजोबांकडून वडिलांच्या वाट्याला आलेली. काकांची वाटणी तेव्हाच झाली होती. आता वारस तिघं: आई, धाकटा भाऊ आणि मी. ट्रान्सजेंडर ओळखीचा दाखला काढून नाव बदलायचा माझा विचार घरी कळला. भाऊबीजेला भावाने पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेला कागद पुढे ठेवला. काका म्हणाले, ‘सरकारी कार्डावर एकदा तसलं लिहिलं की तू ना मुलगी ना मुलगा, मग वारस कसली? त्यापेक्षा आत्ताच हक्क सोड.’ आई काहीच बोलली नाही. माझ्याकडून सही झाली. गावातच नोटरी झाली. हक्क खरंच गेला का? आणि पोलिसांत तक्रार करावी का?

उत्तर: नाही. दाखला काढलात तरी जाणार नाही, आणि त्या कागदानेही जात नाही. पण गप्प बसलात तर गुंता वाढेल, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. हे उत्तर डिसेंबर 2025 च्या कायद्यावर आहे; ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा त्यानंतर 2026 मध्ये बदलला.

आधी तुमच्या पत्राबद्दल. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की अख्ख्या पत्रात तुमच्याबद्दल एकही ‘गेलो’ किंवा ‘गेले’ नाही. ‘मी सही केली’ असंही चाललं असतं, तरी ‘माझ्याकडून सही झाली’ लिहिलंत. मराठीत स्वतःबद्दल दोन ओळी लिहायच्या तरी क्रियापद आधी विचारतं, बाई की पुरुष? मी ‘लिहिते’ लिहून मोकळी होते, तुम्हाला प्रत्येक वाक्याला वळसा घालावा लागतो. मला मात्र तुमच्याशी बोलताना अडचण नाही, ‘तुम्ही’ म्हटलं की काम भागतं. आणि आमच्या वकिलीच्या धंद्यातला ‘अशील’ हा शब्द तर जणू तुमच्यासाठीच केलाय. नोटिशीत ‘माझे अशील यांनी’, ‘माझे अशील यांचे’ असं चार पानं लिहिता येतं, अशील बाई की बुवा हे न सांगता.

आता काकांचा मुद्दा. तुम्हाला हिंदू वारसा कायदा, 1956 लागू होतो असं धरून चालते. त्यात मुलगा आणि मुलगी दोघंही पहिल्या वर्गातले वारस. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला, आणि तो खरोखर जन्मापासूनचा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे मुलगा आणि मुलगी या दोन खणांत हिश्श्याचा फरकच उरलेला नाही. मग तुम्ही कुठल्या खणात बसता किंवा कुठल्याच बसत नाही, याने आकडा बदलेल कसा? जमीन वडिलोपार्जित धरली तर आधी वडील, आई, भाऊ आणि तुम्ही असे चार भाग कल्पायचे, आणि वडिलांचा पाव भाग उरलेल्या तिघांत वाटायचा. स्वकष्टार्जित धरली तर थेट तीन भाग. दोन्हीकडून हिशेब एकाच जागी येतो: प्रत्येकी एक तृतीयांश.

काकांनी वाचायला हवं असं कलम वेगळंच आहे, त्याच कायद्याचं 28 वं. आजार, व्यंग किंवा शारीरिक दोष या कारणावरून कुणी वारसा हक्काला मुकत नाही, आणि या कायद्यात सांगितलेली कारणं सोडली तर इतर कुठल्याही कारणावरून मुकत नाही. सांगितलेली कारणं म्हणजे, उदाहरणार्थ, ज्याची मिळकत घ्यायची त्याचाच खून करणं. ओळखीचा दाखला काढणं त्या यादीत नाही.

काकांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा 2019 चा कायदा वारशाबद्दल गप्प आहे. उत्तर प्रदेशाने 2020 मध्ये आपल्या महसूल संहितेत दुरुस्ती करून शेतजमिनीच्या वारसांत तृतीयपंथी अपत्याची सोय केली, कारण तिथे शेतजमिनीच्या वारसांची यादीच वेगळी आहे. आपल्याकडे शेतजमीनही हिंदू वारसा कायद्यानेच उतरते. त्यामुळे त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘हक्क नाही’ असा लावता येत नाही.

आता तो कागद. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे गावोगाव सांगून मी थकले. नोंदणी नसेल तर त्या कागदाने जमीन हलत नाही. पण ‘ही आमची कौटुंबिक व्यवस्था होती, याची सही पुरावा आहे’ असं म्हणायला भावाला जागा राहते, म्हणून तो कागद तसाच पडू देऊ नका. स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: सही दडपणाखाली झाली, हक्क सोडलेला नाही, कागद मान्य नाही. कागद रद्द करून घेण्याच्या दाव्याची मुदत 3 वर्षं असते, तेवढी वाट पाहू नका.

त्याच नोटिशीची प्रत तलाठ्याला द्या. (हल्ली पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात.) वारस नोंद झाली नसेल तर तुम्ही एकट्याने अर्ज केला तरी चालतो. वडिलांचा मृत्युदाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, तिन्ही वारसांची नावं एवढं लागेल. वंशावळीत नात्याच्या रकान्यात ‘अपत्य’ लिहा. जुना शब्द आहे, नपुंसकलिंगी आहे, आणि सरकारी अर्जांतून रोज वापरला जातो. कारकून अडून बसला आणि ‘मुलगी’च लिही म्हणाला, तर तुमच्या जागी मी त्या टेबलाशी भांडत बसले नसते. त्या रकान्याने हिस्सा ठरत नाही आणि सातबारावर नाव लागणं आज जास्त गरजेचं आहे. पण हा माझा स्वभाव झाला. ‘मुलगी’ हा शब्द तुम्हाला सोसवणार नसेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि मंडळ अधिकाऱ्यापुढे मांडा.

दाखला आधी की वारस नोंद आधी? कायद्याने काही फरक नाही. सोयीने मी म्हणेन वारस नोंद आधी, जुन्या नावाने, कारण रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला सगळं त्या नावाचं आहे. नाव मागाहून राजपत्रात बदला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडून सातबारावर दुरुस्ती मागा.

तुम्ही पत्राच्या शेवटी (ती ओळ वर छापलेली नाही) विचारलंय, ‘मी हिजडा समाजातला/ली नाही, शस्त्रक्रियाही नको आहे, मग ट्रान्सजेंडर कार्ड माझं कसं?’ तिथे तो ‘ला/ली’ खोडून पुन्हा लिहिलेला दिसतो. डिसेंबर 2025 पर्यंत 2019 च्या कायद्याची व्याख्या रुंद होती: जन्मावेळी नोंदलेलं लिंग ज्याच्या ओळखीशी जुळत नाही अशी कुणीही व्यक्ती, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो. जेंडरक्वीअर (बाई-पुरुष या चौकटीत न बसणारी ओळख) हा शब्द त्यात होता, नॉनबायनरी नव्हता, पण तुम्ही त्या व्याख्येत बसत होता. कार्डावर मात्र ‘ट्रान्सजेंडर’च येत असे. तुमचा शब्द तिथे नव्हता, हे खुपण्यासारखं आहे आणि ते मी गोड करून सांगणार नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवरून. 2020 च्या नियमांनुसार तेव्हा वैद्यकीय तपासणी मागता येत नव्हती, प्रतिज्ञापत्र पुरत असे, आणि 30 दिवसांत दाखला द्यायचा असे. त्या जिल्ह्यात सलग 12 महिने राहत असायला हवं, म्हणजे तुमचा अर्ज पुण्यात. आपली ओळख आपणच ठरवायची हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात मानलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादलीत एका ट्रान्सजेंडर उमेदवाराचा महिला राखीव जागेवरचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने याच आधारावर तो मान्य करायला लावला.

प्रतिज्ञापत्राचा छापील मसुदा ‘लिहून देतो की’ किंवा ‘लिहून देते की’ असा असतो. टाइप करणाऱ्याला ‘लिहून देत आहे की’ करायला सांगा. नोटरीने आजवर माझ्याकडे तरी हरकत घेतलेली नाही.

फौजदारी तक्रारीबद्दल विचारलंत. 2019 च्या कायद्याच्या कलम 18 मध्ये मानसिक आणि आर्थिक छळाला 6 महिने ते 2 वर्षं शिक्षा आहे, आणि घरात राहण्याचा हक्क कलम 12 मध्ये वेगळा लिहिलेला आहे. पण नोटिशीआधी पोलिसांत जाऊ नका. भावाचा वकील त्याला नोंदणीचा मुद्दा पाच मिनिटांत समजावेल, आणि बऱ्याच घरांत तिथेच आवाज खाली येतो. एकदा गुन्हा दाखल झाला की आईला साक्षीला उभं राहावं लागेल, आणि भाऊबीजेच्या दिवशी ती का बोलली नाही हे तिला भर कोर्टात सांगावं लागेल. घराबाहेर काढलं किंवा अंगावर हात टाकला तर मात्र थांबू नका.

आज रात्रीच एक करा. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून बघा. भावाने त्या कागदावर फेरफार टाकला असेल तर नोटीस तिथे दिसेल. दिसली तर 15 दिवसांच्या आत लेखी हरकत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय चावडीतून बाहेर पडू नका.