बॅरिकेड दिसलेच नाही. मग दोष कोणाचा?

प्रश्न : माझे थोरले बंधू रात्री साडेदहाच्या सुमारास दुचाकीवरून घरी येत असताना, शहरातून जाणाऱ्या महामार्गावर काम चालू असलेल्या जागी आडव्या ठेवलेल्या लोखंडी बॅरिकेडवर आदळले. समोरून केळीचा ट्रक अपर लावून आला आणि बॅरिकेड दिसलेच नाही, असे ते सांगतात. हेल्मेटमुळे डोके वाचले, पण कॉलरबोन मोडले. त्यांचा वेग ताशी 50 किलोमीटरच्या आसपास होता. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘हळू चालवायला हवे होते’ एवढेच म्हणतो. दोष सर्वस्वी त्यांचाच मानायचा का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही, आणि हे मी केवळ आपल्या समाधानासाठी लिहीत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन, अडथळा दिसल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत सुमारे 60 मीटर अंतर घेते, असे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे मानक धरते; त्यातले जवळजवळ 35 मीटर तर ब्रेकवर पाय जाण्याआधीच सरलेले असतात. दुचाकीचा दिवा डिपरवर असला तर त्याचा उजेड साधारण 30 ते 40 मीटरच पोहोचतो. म्हणजे बॅरिकेड स्वतः चमकत नसेल, तर ते दिसेपर्यंत थांबण्याची वेळ टळून गेलेली असते. समोरचे दिवे डोळ्यांवर आले की वेग ताबडतोब कमी करावा, हे बंधूंनी यापुढे पाळावेच. परंतु रस्त्यात लोखंड आडवे ठेवणाऱ्याची जबाबदारी त्याने कमी होत नाही.

आपल्याकडचे एखादे बॅरिकेड जवळ जाऊन पाहावे. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्या बहुधा साध्या ऑइलपेंटने ओढलेल्या असतात. त्या दिवसा ठळक दिसतात, पण रात्री दिव्याचा प्रकाश चालकाकडे परत पाठवत नाहीत. ते काम रेडियमच्या पट्टीचे. ती लावलेली असली तरी वैशाखातल्या धुळीने माखते, किंवा तिच्यावर कुठल्या तरी दुकानाच्या जाहिरातीचा पत्रा ठोकलेला असतो. खालचे अँगलचे पाय दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात आणि त्यांवर तर रंगही नसतो. शिवाय बॅरिकेड एकटे ठेवणे हीच मुळात चूक आहे. आधी पुरेशा अंतरावर काम चालू असल्याचा फलक, मग मार्गिका हळूहळू अरुंद करत नेणारी शंकूंची तिरपी रांग, त्यानंतर बॅरिकेड आणि रात्री त्यावर लुकलुकणारा दिवा, असा क्रम हवा.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 198-अ नुसार, रस्त्याच्या सुरक्षेची विहित मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा, सल्लागार किंवा कंत्राटदार यांना 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बंधूंची दुखापत त्या व्याख्येत बसेलच असे नाही, तरीही पोलिसांत नोंद अवश्य करावी, कारण विम्याच्या दाव्यालाही ती लागते. त्याच जागेची छायाचित्रे रात्री, दुचाकीस्वाराच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावीत. दिवसाच्या छायाचित्रात बॅरिकेड अगदी निर्दोष दिसेल. ती जोडून रस्त्याची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे अर्ज द्यावा व पोच घ्यावी. राष्ट्रीय महामार्गावरील धोका 1033 या क्रमांकावरही कळवता येतो. हे आजच करावे, कारण ते बॅरिकेड आज रात्रीही तिथेच असेल.

प्रश्न : गल्लीत एका मुलाला दुचाकीचा धक्का लागल्यानंतर आम्ही वर्गणी काढून सिमेंटचा गतिरोधक बांधला. आता त्यावरूनच गाड्या घसरतात. काय करावे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : मुलांची काळजी रास्त आहे, पण हा गतिरोधक काढावा लागेल. मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि तब्बल 3.7 मीटर रुंद असतो, म्हणजे ताशी 25 किलोमीटर वेगाने येणारे वाहन त्यावरून न आदळता जाते. आपला उंचवटा बहुधा हातभर रुंद असेल; अशा उभ्या कडेवर पुढचे चाक उडते आणि मागे बसलेली व्यक्ती फेकली जाते. नगरपरिषदेकडे गल्लीतील रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज देऊन योग्य मापाचा गतिरोधक मागावा आणि त्यासोबत त्यावर काळे-पांढरे पट्टे व 40 मीटर आधी सूचनाफलकही मागावा. तोवर निदान आहे त्या उंचवट्यावर रेडियमची पट्टी आजच लावून घ्यावी.