गर्दी झाली, मग गल्ला का जमला नाही?

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा असून पुण्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. क्लब नाइटचे आयोजन हाच व्यवसाय करायचा, असे त्याने ठरवले आहे. गेल्या महिन्यात त्याने एका पबमध्ये पहिला कार्यक्रम केला. शंभरावर माणसे आली, तरी १६,००० रुपये अंगावर पडले. त्याचा हा नाद सोडवावा, की त्याला पुन्हा संधी द्यावी? (एक पालक, सांगली)

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण पत्रासोबत चिरंजिवांचा जमाखर्चाचा कागद पाठवलात हे फार बरे केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्याच कागदात आहे. डीजेचे मानधन व प्रवासखर्च २५,००० रुपये, पोस्टर आणि इन्स्टाग्रामवरील जाहिरात ८,००० आणि छायाचित्रकाराचे ५,००० असा एकूण ३८,००० रुपये खर्च झाला. जमेच्या बाजूला ५०० रुपयांची ४४ तिकिटे, म्हणजे २२,००० रुपये आहेत. उरलेली साठेक माणसे गेस्ट लिस्टमधून फुकट आत गेली. पबशी ठरलेला व्यवहार असा होता, की दारावरचे पैसे आयोजकाचे आणि बारची विक्री पूर्णपणे पबची. त्यामुळे या साठ जणांनी आत जो काही खर्च केला, त्यातला एक रुपयाही आपल्या मुलाच्या हाती आला नाही. खर्च भरून निघायला ७६ तिकिटे विकली जाणे आवश्यक होते, आणि हा आकडा डीजेला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी काढायला हवा होता. पुढच्या वेळी गेस्ट लिस्ट मोठी ठेवायचीच असेल, तर बारच्या विक्रीत ठरावीक टक्के वाटा मागावा आणि तो करार लेखी करावा. वाटा मिळत नसेल, तर गेस्ट लिस्टला रात्री साडेनऊपर्यंतच प्रवेश ठेवावा, म्हणजे ती माणसे लवकर येतील आणि नंतर येणाऱ्यांना रिकामे सभागृह दिसणार नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. इन्स्टाग्रामवर तीनशे जणांनी ‘येतो’ म्हटले होते आणि तीसएक मुलांना वयाचा पुरावा पाहून दारातूनच परत पाठवावे लागले, असे आपण लिहिले आहे. महाराष्ट्रात बिअर व वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची आहे. चिरंजिवांनी जाहिरात स्वतःच्या महाविद्यालयाच्या ग्रुपवर फिरवली, जिथे बहुसंख्य मुले विशीच्या आतली आहेत. म्हणजे जाहिरात पोचली, पण ज्यांना येणे शक्यच नव्हते त्यांच्यापर्यंत. हिंजवडी, खराडी, बाणेर येथे नोकरी करणारा पंचविशी-तिशीतला वर्ग त्यांनी शोधायला हवा होता. या वर्गाकडे पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असतात, त्यांना शनिवारी उशिरापर्यंत थांबता येते आणि ‘येतो’ असे कळवून नव्हे, तर मित्रांच्या टोळक्यातल्या एकाने आधी तिकीट काढल्यामुळे ते येतात. म्हणून पहिली तीस तिकिटे स्वस्त ठेवून ती अशा टोळक्यांतल्या म्होरक्यांना स्वतः फोन करून विकावीत. मी ज्या होतकरू आयोजकांना भेटलो आहे, त्यांच्यापैकी टिकलेले जवळजवळ सगळे पोस्टरपेक्षा फोनवर अधिक वेळ घालवणारे होते.

तारखेचा विचारही आपल्याकडच्या पंचांगाला धरूनच करावा लागतो. श्रावणात अनेक जण मद्य आणि मांसाहार टाळतात, गणेशोत्सवात पुण्याचे रस्ते आणि पोलीस दोन्ही गुंतलेले असतात, आणि २ ऑक्टोबरसारख्या ड्राय डेला बारच बंद असतो. जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश पाहिल्याशिवाय तारीख जाहीर करू नये.

संगीताविषयी थोडक्यात सांगतो. संध्याकाळच्या पहिल्या दीड तासात मुख्य डीजेइतका जोर लावणारा स्थानिक वादक रात्र बिघडवतो. सुरुवात करणाऱ्याने माणसांना बोलू द्यावे आणि हळूहळू नाचाकडे आणावे. ध्वनिमुद्रित गाणी सार्वजनिक ठिकाणी वाजवण्यासाठी पीपीएल आणि आयपीआरएस या संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने लागतात. ते पबकडे आहेत का, हे कागद पाहून खात्री करून घ्यावी.

आता जबाबदारीविषयी, कारण पालक म्हणून आपली खरी धास्ती पैशांची नसावी. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल परिसरातल्या गच्चीवरील पबच्या आगीत १४ जणांचा जीव गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ जण दगावले. आयोजक जागेचा मालक नसतो हे खरे, पण माणसे त्याच्या बोलावण्यावरून आलेली असतात. बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा उघडतो का, त्याच्यासमोर खुर्च्या रचल्या आहेत का, आत फटाके किंवा ठिणग्या उडवणारी उपकरणे वापरली जाणार आहेत का आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसे आत सोडली जात आहेत का, हे चिरंजिवांनी कार्यक्रमापूर्वी स्वतः फिरून पाहावे. एकही उत्तर असमाधानकारक आले, तर तिकिटांचे पैसे परत करून कार्यक्रम रद्द करण्याची त्यांची तयारी हवी. एकट्याने आलेल्या मुलींना बाहेर टॅक्सी मिळेपर्यंत एक माणूस दारावर उभा ठेवणे हाही आयोजनाचाच भाग आहे.

आपण त्यांना थांबवू नये, असे माझे मत आहे. मात्र लगेच दुसरा कार्यक्रम करायला पैसेही देऊ नयेत. पदवी पूर्ण होईपर्यंत त्यांनी एखाद्या जुन्या आयोजकाकडे सहा महिने काम करावे. तेही डीजेच्या टेबलाजवळ नव्हे, तर दारावर, तिकिटे तपासत आणि दर तासाला किती माणसे आली याची नोंद ठेवत. इव्हेंट मॅनेजमेंटची पदविका त्यानंतर घेतल्यास तिचा उपयोग होईल. सहा महिन्यांनी त्यांनी २०,००० रुपयांच्या आत बसणारी, फक्त स्थानिक वादकांची एक रात्र आखावी. तिच्या अंदाजपत्रकात खर्च भरून निघण्यासाठी लागणाऱ्या तिकिटांचा आकडा पहिल्या ओळीत असावा, आणि ते अंदाजपत्रक त्यांनी पबशी बोलण्याआधी आपल्यासमोर बसून समजावून सांगावे.