बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या वाड्यात रात्री दिसलेला पट्टेरी साप विषारी मण्यार की बिनविषारी कवड्या?

पट्टे कुठून सुरू झाले ते आठवा. मोठी मण्यार निळसर काळी, चकचकीत. बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने, मानेजवळ पुसट किंवा नाहीतच, शेपटीकडे ठळक. कवड्याचं उलट: अंग तपकिरी, पट्टे मानेपासून, शेपटीकडे विरत जाणारे. तो साधारण दीड-दोन फुटांचा, मण्यार ३ फुटांच्या आसपास. मण्यारीच्या कण्यावरचे खवले मोठे, षटकोनी असतात, पण ते बघायला जवळ जाऊ नका! आपले गुजराती शेजारी हिलाच काळोतरो म्हणतात. पाकिस्तानपासून बांगलादेश, श्रीलंकेपर्यंत ती आढळते. दंश फारसा दुखत नाही, सूजही बहुधा नसते, म्हणून माणूस पुन्हा झोपतो आणि तिथेच घात होतो. नुसती शंका आली तरी तडक हॉस्पिटल गाठा.