फोटोत तर पोरगी उजळ होती

पत्र : मावशी, मी २९ वर्षांची आहे. नागपूरला मानेवाड्यात राहते, शाळेत शिकवते. रंग सावळा. बायोडाटासाठी स्टुडिओत फोटो काढला, तो त्यांनी इतका उजळ केला की मलाच ओळखू येईना. आई म्हणाली, राहू दे, छान दिसतो. मागच्या महिन्यात पाहायला आलेल्यांपैकी एक बाई पोह्यांची प्लेट हातात घेऊन म्हणाल्या, "फोटोत तर पोरगी उजळ होती." तेव्हापासून मी रात्रीचं जेवण सोडलंय. मैत्रिणीनं दिलेलं क्रीम लावते. कुणी मोबाइल वर केला की बाजूला सरकते. सगळे फोटो पुसून टाकले, एकच ठेवलाय, स्नेहसंमेलनात मुलांसोबत हसतानाचा. आई म्हणते, त्यात दात दिसतात. मी काय करू?

प्रिय मुली,

त्या बाईंचं बोलणं उद्धट होतं. पण मला त्या फोटोचा जास्त राग आला. पाहुण्यांच्या घरी तुझ्याआधी तुझा फोटो पोचतो. तो दुसरीच मुलगी दाखवत असेल, तर तू बैठकीत येतेस तीच मुळी कमी पडलेली ठरून. तू कमी नाहीस गं, तो फोटो खोटा आहे. आजच बायोडाटातून काढ.

त्याआधी क्रीमचं बघ. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं काही लिहिलंय का? ही स्टेरॉइडं आहेत. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग कातडी पातळ होते, मुरुमं येतात, उन्हात गेलं की आग होते. डबीवर काही लिहिलेलंच नसेल तर जास्तच सावध राहा. बरेच दिवस लावलेलं असं क्रीम एकदम थांबवलं तर चेहरा आणखी भडकू शकतो, म्हणून ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची, ओपीडी तुला लांब नाही. नागपूरच्या उन्हात रोज शाळेत जाणाऱ्या मुलीला सनस्क्रीन आणि दुपट्टा पुरे.

रात्रीचं जेवण आजपासून सुरू कर. उपाशी झोपून सकाळी तासन्‌तास फळ्यासमोर उभं राहणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर तेज कुठून येणार? एकदा हिमोग्लोबिन तपासून घे. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात, आणि तो फिकटपणा, ती मरगळ कुठल्याच क्रीमनं जात नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी, जवसाची चटणी, वर लिंबू किंवा हंगाम असेल तर आपलं संत्रं, त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको. सात तास झोप. आणि सकाळी ऊन चढायच्या आत रेशीमबागेच्या मैदानावर अर्धा तास भरभर चाल, आठवड्यातून पाच दिवस. यातलं काही रंग बदलण्यासाठी नाही. महिन्या-दोन महिन्यांत तुझी मान आणि खांदे वेगळे दिसतील, उभं राहणं बदलेल. ते फोटोतही उतरतं.

आता नवा फोटो. हाताच्या अंतरावरून सेल्फी काढू नकोस. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. तो अंतराचा खेळ आहे, तुझ्या नाकाचा दोष नाही. भावाला किंवा मैत्रिणीला पाच-सहा फुटांवर उभं कर, मागचा कॅमेरा, मोबाइल तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर. ब्यूटी मोड बंद. भरदुपारी नको, डोक्यावरच्या उन्हानं डोळ्यांखाली खड्डे पडतात. सकाळी खिडकीशी किंवा व्हरांड्यात, उजेड एका बाजूनं चेहऱ्यावर येईल अशी बस. फुटाळा तलावावर मावळतीकडे पाठ करून उभी राहशील तर चेहरा काळवंडेल. पांढऱ्या भिंतीसमोरही तेच होतं. कॅमेरा भिंतीच्या उजेडाला घाबरून सगळंच अंधारतो आणि सावळा चेहरा त्यात बुडतो. मातकट किंवा हिरवी भिंत शोध, स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेव आणि उजेड थोडा वाढव. तुझा खरा रंग त्यात नीट येईल.

आणखी एक सांगते, कारण तू कातडीला दोष देत बसली आहेस. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड पाठवायची. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. वर्षानुवर्षं फोटोतला बरोबर रंग त्या कातडीवरून ठरला, आणि सावळ्या माणसांचे फोटो बिघडले की चूक त्यांच्या रंगाची मानली गेली.

पहिल्या दिवशी स्वतःचा एकही फोटो आवडणार नाही. आपण स्वतःला आरशात पाहतो, म्हणजे उलटं, त्यामुळे सुलटा चेहरा परका वाटतो. तरी पुसू नकोस. पन्नास काढ, दोन दिवस ठेव, मग निवड.

आई काळजीपोटीच बोलते, तिच्यावर चिडू नकोस. तिला शेजारी बसवून ते फोटो दाखव आणि विचार, यातली कोणती मुलगी तुझी आहे? मग बायोडाटात एक नवा फोटो लाव. दुसरा तो स्नेहसंमेलनातला, दात दिसणारा. तो बघूनही जे घर येईल, त्या घरच्यांसमोर पोहे घेऊन जा.

तुझी,
मावशी